आल्प म्हणजे कुरण

आल्प्स पाहून आलेल्या माणसाने काय लिहावे हे मराठीत एव्हाना जवळजवळ ठरून गेले आहे. हिमाच्छादित शिखरे, त्यांवर उतरलेले कोवळे ऊन, घड्याळाच्या काट्याबरहुकूम धावणारी आगगाडी, कागदाचा कपटाही न दिसणारा रस्ता आणि अखेरीस आपल्याकडच्या अस्वच्छतेविषयी एक उसासा. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी अनेक वर्षे शिकवीत आलो आणि अशा परिच्छेदांसमोर ‘निसर्गवर्णन उत्तम’ असा शेरा मारून सढळ हाताने गुणही देत आलो. २०२५च्या एप्रिल महिन्यात बारा दिवस आल्प्समध्ये काढल्यानंतर त्या शेऱ्याची मला लाज वाटू लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या लाजेचा हिशेब आहे.

आम्ही उभयता स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागात, लाउटरब्रुनेनच्या दरीवर वसलेल्या वेंगेन या गावी मुक्कामाला होतो. गाव सुमारे १,२७० मीटर उंचीवर आहे. खालून मोटारीचा रस्ता नाही, दातेरी रुळांच्या गाडीने चढावे लागते. स्वस्त पडते म्हणून आम्ही वसंत निवडला होता, आणि वसंत स्वस्त का पडतो याचा उलगडा पहिल्याच दिवशी झाला. स्कीइंगचा हंगाम संपलेला, पायी भटकंतीचा अद्याप सुरू न झालेला. कित्येक हॉटेलांची दारे बंद, काही रज्जुमार्ग वार्षिक दुरुस्तीसाठी थांबलेले, उतारांवर थोडे मळके बर्फ आणि पुष्कळसा चिखल. या काळाला तिकडच्या जर्मन भाषेत ‘झ्विशनसेझोन’ म्हणतात, म्हणजे दोन हंगामांमधला काळ. आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याने तर पहिल्या भेटीतच, किंचित अपराधी स्वरात, सांगून टाकले की या दिवसांत येथे पाहण्यासारखे काही नसते. जूनमध्ये यायला हवे होते, नाहीतर जानेवारीत.

पाहण्यासारखे काही नसते म्हणजे नेमके काय नसते, याचा विचार मी मग रोजच्या फेरफटक्यात करू लागलो. दिसत होते ते पुष्कळ होते. हिवाळाभर गोठ्यात साठलेल्या शेणामुताचे पातळ खत दरीतल्या गवताळ जमिनींवर फवारले जात होते आणि त्याच्या वासाने दुपार भरून जात होती. कोणत्याही प्रवासवर्णनात हा वास मी वाचलेला नव्हता. बर्फाची कडा जेथे मागे सरकत होती तेथे ओल्या, करड्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या गवतातून पांढरी-जांभळी क्रोकसची फुले वर येत होती. गाई अद्याप गोठ्यातच होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा तो सुप्रसिद्ध नाद कोठेही नव्हता. ऊन चढले की समोरच्या युंगफ्राउच्या भिंतीवरून हिम सुटे आणि आवाज आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती पांढरी धार खाली विसावलेलीही असे. दरीत श्टाउबबाख हा जवळजवळ ३०० मीटरांचा धबधबा वितळत्या पाण्याने फुगत चालला होता. हाच धबधबा पाहून १७७९ साली गटेने आपली कविता लिहिली. पण तो आला होता ऑक्टोबरात, आणि आम्ही पाहत होतो ते पाणी वेगळे होते. ते कामाला लागलेले पाणी होते.

थोडक्यात, एक प्रचंड काम चालू होते आणि त्या कामाच्या मध्यभागी गवत होते, शिखर नव्हते.

‘आल्प्स’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, त्यात पडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तेथे राहणाऱ्या माणसांच्या बोलीत ‘आल्प’ या शब्दाचा अर्थ शिखर असा नाही, हे मात्र निर्विवाद आहे. आल्प म्हणजे वरच्या उतारावरचे उन्हाळी कुरण. जूनच्या सुमारास गुरे ज्या कुरणावर चढवायची आणि सप्टेंबरात उतरवायची, ते. गाव खाली, त्याच्या वर झाडी, झाडीच्या वर आल्प आणि आल्पच्याही वर तो सारा निरुपयोगी खडक आणि बर्फ. म्हणजे तेथल्या माणसाने नाव गवताला ठेवले होते. आपण, बाहेरून आलेल्यांनी, मान वर करून तेच नाव बर्फासाठी वापरले. मला वाटते, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची सारी गफलत या एका शब्दाच्या प्रवासात साठवलेली आहे.

आणि हे कुरण ‘निसर्ग’ आहे असेही समजण्याचे कारण नाही. वृक्षरेषेच्या आसपासचा पुष्कळसा गवताळ पट्टा हा शतकानुशतकांच्या चराईने, तोडणीने आणि दगड वेचण्याने तयार झालेला आहे. चराई थांबली की झुडपे येतात आणि मागोमाग जंगल परत येते. वाले प्रांतातील ट्योर्बेल या गावाचा दाखला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो, साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही असावा. त्या गावाने १५१७ साली नियम केला की हिवाळ्यात जितक्या गाई तुम्ही स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक आल्पवर पाठवायच्या, अधिक नाही. रॉबर्ट नेटिंग या मानवशास्त्रज्ञाने या गावाचा अभ्यास केला आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला महत्त्वाचे स्थान दिले. सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थेवरील संशोधनासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ‘गायरान’ हा शब्द अजून जिवंत आहे आणि गायरानांचे काय झाले हेही आपणांस ठाऊक आहे. तरीही आल्प्ससमोर उभे राहिलेल्या मराठी लेखकाला ‘गायरान’ हा शब्द सुचत नाही. त्याला ‘हिमशिखरांची शुभ्र मांदियाळी’ सुचते.

असे का होते, याचे उत्तर आपल्यापुरते मर्यादित नाही. शिखराकडे पाहायला युरोपलाही शिकवावे लागले. झुरिकचा प्रकांड निसर्गाभ्यासक योहान याकोब शॉइख्त्सर याच्या १७२३च्या आल्पाइन प्रवासग्रंथात पर्वतांतल्या ड्रॅगनांची गांभीर्याने नोंद आहे. बर्नच्या आल्ब्रेख्त फॉन हालर या वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या तरुणाने १७२९ साली आल्प्सवर दीर्घकाव्य लिहिले आणि पर्वतवासीयांना सद्गुणांचे पुतळे करून टाकले. १७६१ साली रूसोची ‘ज्यूली’ आली आणि पर्वतावर जाणे हा मनाच्या शुद्धीचा मार्ग ठरला. मग बायरन आला. १८६३ साली टॉमस कुकने इंग्रज प्रवाशांची पहिली स्वित्झर्लंड सहल नेली. १८७१ साली लेस्ली स्टीफनने आपल्या पुस्तकाच्या नावातच आल्प्सना युरोपचे क्रीडांगण म्हणून टाकले. १९१२ साली ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखपर्यंत रेल्वे पोहोचली. आयगर आणि म्योन्ख यांच्या पोटातून तो बोगदा खोदणारे मजूर बव्हंशी इटालियन होते, आणि त्यांतले काही त्या कामातच मेले. आज पर्यटकाला जे ‘निसर्गतःच’ सुंदर वाटते त्यामागे पावणेदोनशे-दोनशे वर्षांचे वाचन आणि बरेचसे सुरुंगकाम आहे.

या साऱ्या परंपरेत मला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो तो वर्ड्‌स्वर्थचा. १७९० साली, वीस वर्षांचा असताना, तो एका मित्रासह सिंप्लॉन खिंडीतून पायी आल्प्स ओलांडायला निघाला. तो भव्य क्षण अनुभवण्यासाठी ते चढत राहिले, वाट चुकले, आणि भेटलेल्या एका शेतकऱ्याने त्यांना सांगितले की यापुढे वाट उतरणीची आहे. आल्प्स ओलांडून झाले होते आणि त्यांना ते कळलेच नव्हते. ‘द प्रिल्यूड’च्या सहाव्या सर्गात हा प्रसंग येतो. आपण वर्गात तो कल्पनाशक्तीच्या संदर्भात शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण त्या शेतकऱ्याकडे आपण कधी पाहतो का? तो तेथे काय करीत होता? त्याला वाट माहीत होती, कारण ती त्याच्या रोजच्या येण्याजाण्याची होती.

मुक्कामात एक दिवस आम्ही झुरिकला गेलो. पहाटेची गाडी धरली की इंटरलाकेन, बर्न असे करीत तीनेक तासांत पोहोचता येते. डोंगरातून एक दिवस शहरात जाणे म्हणजे विश्रांतीतून विश्रांती घेणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या दिवसाने डोंगराचा अर्थ लावून दिला.

तो सोमवार होता, २८ एप्रिल, आणि झुरिकमध्ये त्या दिवशी ‘सेक्सेलॉइटेन’ होता. नावाचा अर्थ साधा आहे: सहाचे टोले. वसंतसंपातानंतर दिवस मोठा झाला की कारागिरांच्या कामाची सुट्टी संध्याकाळी सहाला होई आणि तसा टोला ग्रोसम्युन्स्टर चर्चच्या घंटेवर पडे. त्या टोल्याचा हा उत्सव. दुपारभर जुन्या कारागीरसंघांची ऐतिहासिक वेशांतली मिरवणूक चालते, आणि बरोबर सहाला सरोवराकाठच्या चौकात लाकडांच्या उंच रचलेल्या ढिगावरच्या ‘ब्योग’ नामक हिममानवाला आग लावली जाते. त्याच्या पोटात गवत आणि डोक्यात फटाके भरलेले असतात. डोके किती मिनिटांत फुटते त्यावरून उन्हाळा कसा जाईल याचा कौल घेतात. २०२३ साली त्याला ५७ मिनिटे लागली होती. २०२४ साली तर वारा इतका होता की त्या दिवशी त्याला जाळताच आले नाही, आणि पुढे जूनमध्ये आपेनत्सेल भागातील हायडेन येथे जाळावे लागले. आमच्या वर्षी मात्र अर्ध्या तासाच्या आत त्याचे डोके उडाले आणि गर्दीने जल्लोष केला. पत्नी माझ्या कानाशी म्हणाली, “होळीच की हो ही! फक्त इथे थंडीलाच जाळलं.”

तिच्या त्या वाक्यावर मी परतीच्या गाडीत विचार करीत होतो. हिवाळा शहराने जाळला. वेंगेनच्या शेजाऱ्याला हे परवडणारे नव्हते. ज्याचा उन्हाळ्याचा हिशेबच हिवाळ्यावरून ठरतो, किती गाई हिवाळाभर पोसल्या त्यावरून वर किती न्यायच्या, त्याच्यासाठी हिवाळा हा शत्रू नसून भांडवल आहे. बर्फ म्हणजे जुलैचे पाणी. शहराचा वसंत घंटेने येतो, डोंगराचा गवताने. आणि आपल्याला परिचित असलेला आल्प्स, मला तीव्रतेने जाणवले, मुख्यतः शहरात लिहिला गेला आहे. शॉइख्त्सर झुरिकचा, हालर बर्नचा, रूसो मूळचा जिनीव्हाचा. ‘हायडी’ लिहिणाऱ्या योहाना श्पीरी यांचे प्रौढ आयुष्य झुरिकमध्येच गेले.

‘हायडी’चा उल्लेख येथे सहज केलेला नाही. १८८० आणि १८८१ साली दोन भागांत आलेल्या या पुस्तकाने डोंगर निरोगी आणि शहर आजारी ही वाटणी जगभरच्या मुलांच्या मनात पक्की केली. अनाथ मुलगी आजोबांकडे आल्पवर फुलते, फ्रांकफुर्टला कोमेजते. पण स्वित्झर्लंडमधल्या अनाथ आणि गरीब मुलांचा खरा इतिहास वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरेपर्यंत अशी असंख्य मुले सरकारी यंत्रणेमार्फत शेतकऱ्यांकडे कामाला ठेवली जात, आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला मार, उपासमार आणि अत्याचार आले. त्यांना ‘फेरडिंगकिंडर’ म्हणतात. २०१३च्या एप्रिलमध्ये स्विस सरकारने त्यांची जाहीर क्षमा मागितली. शिखराऐवजी कुरण पाहा असे मी म्हणतो तेव्हा कुरणावरच्या माणसांना हालरप्रमाणे देवत्व द्या असे मला मुळीच म्हणायचे नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून हे सांगितले. कुरण वाचायचे ते त्यावरच्या अंधारासकट.

दुपारी, मिरवणूक लांबत असताना, आम्ही श्पीगेलगासे या जुन्या शहरातल्या चढाच्या गल्लीत जाऊन आलो. एक क्रमांकाच्या घरात ५ फेब्रुवारी १९१६ रोजी कॅबरे व्होल्तेर उघडले आणि डाडावादाचा जन्म झाला. बारा क्रमांकात १८३७ साली गेओर्ग ब्यूख्नर वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला. चौदा क्रमांकात लेनिन राहत होता, आणि १९१७च्या एप्रिलमध्ये, म्हणजे वसंतातच, तो झुरिकहून रशियाकडे निघाला. ‘युलिसिस’चा मोठा भाग याच शहरात लिहिणारा जॉइस आता येथल्याच फ्लुंटर्न दफनभूमीत विसावला आहे. सेक्सेलॉइटेन त्याला इतका आवडे की ‘फिनेगन्स वेक’मध्ये त्याने त्या नावावर शब्दखेळही केला आहे. या सर्वांत साम्य काय? यांतले बहुतेक जण निर्वासित होते. पर्यटकाला जो देश शिखरांचा वाटतो, तो या माणसांसाठी दोन संकटांमधला काळ काढण्याची जागा होती. त्यांचाही तो एक ‘झ्विशनसेझोन’च होता.

आता आपल्याकडे वळतो. मराठी प्रवासवर्णनाची परंपरा दरिद्री आहे असे माझे म्हणणे नाही. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४०चे, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९चे, पु. लं.ची ‘अपूर्वाई’ १९६०ची. या लेखकांचे मन माणसांत रमत होते, आणि म्हणूनच ती पुस्तके टिकली. घसरण नंतरची आहे, आणि तिला केवळ लेखक जबाबदार नाहीत. ‘चांदनी’ (१९८९) आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) या चित्रपटांनी आपल्या दोन पिढ्यांना आल्प्स दाखविला. इंटरलाकेनमध्ये २०१६पासून यश चोप्रांचा पुतळाही उभा आहे. गंमत अशी की या गाण्यांत शिखरापेक्षा गवतच अधिक दिसते. पण ते गालिचा म्हणून. ते कोणाचे गवत आहे, ते कोणी राखले आहे आणि त्यावर नाचायला कोणाची परवानगी घ्यावी लागली असेल, हे प्रश्न गाण्याने विचारायचे नसतात. साहित्याने विचारायचे असतात.

यावर कोणी म्हणेल की वर्षभर राबलेल्या माणसाने आठ दिवस शिखरे पाहून आनंदित व्हावे यात गैर काय? काहीच नाही. मीही झालो. युंगफ्राउवर संध्याकाळचा गुलाबी रंग चढला तेव्हा माझेही बोलणे थांबले. आक्षेप आनंदाला नाही, त्या आनंदाच्या उसन्या भाषेला आहे. ज्या भाषेत दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहिले, एका ऋतूतून दुसऱ्यात उतरताना झाडापानांत काय काय घडते ते इतक्या बारकाईने टिपले, त्या भाषेने परदेशी गेल्यावर केवळ ‘नयनरम्य’ म्हणून थांबावे, हे मला खटकते. दुर्गाबाईंची नजर घराबाहेर पडली की आपण ती घरीच ठेवून जातो. आणि शिक्षक म्हणून त्या विसराळूपणाला गुण देतो.

या गोष्टीला केवळ वाङ्मयीन महत्त्व असते तर मी एवढे लिहिले नसते. आम्ही परत आलो आणि बरोबर एक महिन्याने, २८ मे २०२५ रोजी, आमच्या दरीच्या दक्षिणेला, पर्वतरांगेच्या पलीकडच्या ल्योत्शेनटालमध्ये बिर्च हिमनदी कोसळली. वरच्या कड्यावरून दिवसेंदिवस पडत राहिलेल्या खडकांचे ओझे तिला पेलवले नाही. काही क्षणांत ब्लाटेन या गावाचा बहुतांश भाग दगड, बर्फ आणि चिखलाखाली गेला. सुमारे ३०० रहिवाशांना आणि त्यांच्या गुरांना काही दिवस आधीच हलविले होते, म्हणून जीवितहानी एका माणसापुरती राहिली. अशा एकेका घटनेवर तापमानवाढीचा शिक्का मारताना शास्त्रज्ञ सावध असतात, आणि ते योग्यच आहे. पण २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या एकूण घनफळाचा दहावा हिस्सा गमावला, ही मोजणी त्याच शास्त्रज्ञांची आहे. आम्ही दोघे मुंबईहून विमानाने गेलो होतो, हेही त्या हिशेबात लिहावे लागेल.

ब्लाटेनचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले की ‘हिमाच्छादित शिखरे’ हा शब्दप्रयोग आता वर्णन म्हणूनही पुरेसा राहिलेला नाही. शिखर अचल आहे, शाश्वत आहे, या गृहीतावर आपली सारी विशेषणे उभी होती. शेतकऱ्याचे तसे गृहीत कधीच नव्हते. वरून काय येऊ शकते हे त्याला माहीत होते. त्याने घर कोठे बांधायचे, झाडी कोठे राखायची, गुरे कधी चढवायची हे त्या माहितीवरच ठरत आले. आज त्या माहितीचेच आडाखे चुकू लागले आहेत. ज्या लेखनाला केवळ शिखर दिसते त्या लेखनाला हे नुकसान दिसूच शकणार नाही. त्याला फार तर एक चित्र बिघडलेले दिसेल.

असो. यंदा माझ्या वर्गाला मी प्रवासवर्णनाचा स्वाध्याय बदलून दिला आहे. पाहिलेल्या कोणत्याही जागेविषयी लिहा, पण ‘रम्य’, ‘विलोभनीय’, ‘नयनमनोहर’ हे शब्द वर्ज्य. तेथले गवत कोणाचे आहे, ते कोण कापतो आणि हंगाम नसताना ती जागा कशी दिसते, हे सांगा. पहिल्या खेपेस बहुतेकांनी अर्धे पानच लिहिले. एका विद्यार्थिनीने मात्र आपल्या गावच्या देवस्थानाविषयी चार पाने लिहिली. यात्रा संपल्यानंतरच्या आठवड्याची. पत्रावळी, उखडलेले खुंटे, परतलेले पाळणेवाले आणि मंदिरामागे पुन्हा चरायला आलेल्या शेळ्या. वाचताना मला वेंगेनचा तो शेजारी आठवला. त्याने म्हटले असते, या दिवसांत तेथे पाहण्यासारखे काही नसते. मी तिच्या लेखनासमोर शेरा लिहिला नाही. तिला बोलावून घेतले आणि विचारले, त्या शेळ्या कोणाच्या?